विश्लेषण : कर्करोगाचे औषध लागू पडते का? एका दिवसात उत्तर शक्य?

केमोथेरपी सुरू झाली की रुग्ण आणि नातेवाईकांना एकच प्रश्न सतावतो : औषध लागू पडते आहे ना? उत्तर मिळते ते सहसा काही आठवड्यांनंतर, सीटी स्कॅनवर. कारण निकष गाठीच्या आकाराचा. ‘रेसिस्ट’ या प्रचलित मापदंडानुसार गाठींच्या व्यासांची बेरीज किमान ३० टक्के घटली तर प्रतिसाद. २० टक्के वाढली तर आजार बळावला. औषध निरुपयोगी ठरले, तर तोवर केस गळालेले असतात, रक्तपेशी घटलेल्या असतात आणि मोलाचा वेळही गेलेला असतो. ही प्रतीक्षा टाळण्यासाठी गाठीतील जिवंत पेशी थेट प्रकाशाने तपासण्याचे तंत्र विकसित होत आहे.

पेशी स्वत:हून चमकतात?

होय. पेशीच्या ऊर्जानिर्मितीत वावरणारे एनएडीएच आणि एफएडी हे रेणू लेझरच्या प्रकाशात मंद चमकतात. या चमकेवरून चयापचयाचा अंदाज घेता येतो, हे अमेरिकी शास्त्रज्ञ ब्रिटन चान्स यांनी गेल्या शतकातच दाखवले होते. औषधाचा घाव बसला की आधी चयापचय बदलतो, गाठ आक्रसते नंतर. म्हणून चमकेची तीव्रता आणि ती किती काळ टिकते (हिशेब नॅनोसेकंदांचा!) हे मोजले जाते. पेशीला रंग लावावा लागत नाही, मारावेही लागत नाही. तीच पेशी उद्या पुन्हा पाहता येते.

प्रयोगात काय आढळले?

व्हँडरबिल्ट विद्यापीठात मेलिसा स्काला आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या गाठींतील पेशींपासून ‘ऑर्गनॉइड’ म्हणजे सूक्ष्म त्रिमितीय पुंजके वाढवून त्यांवर औषधे वापरली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात लागू पडणाऱ्या औषधाचा परिणाम २४ तासांतच दिसला; दाद न देणाऱ्या पुंजक्यांत बदल झाला नाही. उंदरांतील गाठींच्या वाढीशीही हे निष्कर्ष जुळले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एकाच पुंजक्यातील काही पेशी औषधाला बधत नाहीत, हेही टिपता आले. सरासरीत लपणाऱ्या अशा मूठभर पेशींमुळेच आजार उलटण्याची भीती असते.

मग रुग्णालयांत वापर का नाही?

पुंजक्यांत रक्तवाहिन्या नसतात, रोगप्रतिकारक पेशीही सहसा नसतात. सायक्लोफॉस्फामाइडसारखे औषध तर यकृतात प्रक्रिया झाल्यावरच सक्रिय होते. ते जसेच्या तसे बशीत टाकून काय कळणार? बायोप्सीची सुई गाठीच्या एखाद्याच भागात जाते. प्रकाशही ऊतींत जेमतेम मिलिमीटरभर शिरतो, त्यामुळे नमुना बाहेर काढण्यावाचून गत्यंतर नाही. लेझर यंत्रणा महागडी आहे, ते वेगळेच. पण खरी कसोटी पुढे आहे : बशीतल्या उत्तरावरून औषध निवडलेले रुग्ण इतरांपेक्षा अधिक काळ जगतात का, हे मोठ्या चाचण्यांत सिद्ध व्हावे लागेल.