खांदा दुखतोय? सुई टोचून घेण्याआधी थोडं ऐका!

मैत्रिणींनो, फळ्यावरची वरची ओळ लिहिता येईना, तेव्हा कुठे मी जागी झाले. त्याआधी तीन महिने फडताळातला वरचा डबा मुलाकडून काढून घेत होते, अन् रात्री उजव्या कुशीवर झोपणं टाळत होते. घरच्यांचं दुखणं आपल्याला लगेच कळतं, स्वतःचं मात्र आपण बाम चोळून झाकतो!

सोनोग्राफीत निघालं की कंडरा अर्धवट फाटलीय. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा दोर. अशा चार कंडरा खांद्याच्या सांध्याला कवेत घेतात. वयाबरोबर त्या झिजतात, आणि रक्तपुरवठा बेताचाच असल्यामुळे भरून यायला वेळ लागतो.

एका दवाखान्यात सांगितलं, "पीआरपीची तीन इंजेक्शनं घ्या, कंडरा नव्यासारखी होईल." आकडा ऐकला आणि लेकीच्या फीसाठी साठवलेले पैसे डोळ्यांपुढे आले.

पीआरपी म्हणजे काय, तर आपलंच रक्त काढून यंत्रात गरगर फिरवतात. त्याचे थर वेगळे होतात. त्यातला प्लेटलेट्सचा भाग दुखऱ्या जागी टोचतात. प्लेटलेट्समधून भरून यायला मदत करणारी द्रव्यं सुटतात, अशी त्यामागची कल्पना. कल्पना चांगलीच आहे हो, पण गुण हमखास येतो असं नाही. तुर्कस्तानात ४० रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना पीआरपी दिलं, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. व्यायाम मात्र सगळ्यांकडून करून घेतला. वर्षभरानंतर दोन्ही गटांना सारखाच आराम होता! दुसऱ्या काही अभ्यासांत पीआरपीचा फायदा दिसला आहे. म्हणून त्याला खोटं म्हणू नये, पण जादूही समजू नये.

तेव्हा पैसे मोजण्याआधी डॉक्टरांना एवढं विचाराच:

कंडरा अर्धवट फाटलीय की पूर्ण तुटलीय? पूर्ण तुटलेली सुईनं जोडली जात नाही.

खांदा आखडलेला तर नाही ना? मधुमेह असलेल्यांत हे जास्त आढळतं, आणि त्याचे उपचार वेगळे.

इंजेक्शन स्टिरॉइडचं आहे का? त्यानं आराम लवकर पडतो, पण पुन्हा पुन्हा घेतल्यास कंडरा कमजोर होऊ शकते.

सोनोग्राफीत बघून नेमक्या जागी देणार का?

आणि मुख्य म्हणजे, व्यायाम नेमानं करून पाहिलाय का?

पडल्यावर हात एकदम उचलेनासा झाला, तर मात्र घरी थांबू नका, लगेच दाखवा.

मी दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेतला आणि आधी व्यायामच धरला. कुकरच्या शिट्ट्या मोजत रोज वीस मिनिटं! कंटाळा यायचा, पण हे आठवण करायचे. तीन महिन्यांनी फळ्याची वरची ओळ पुन्हा माझी झाली. लेकीची फी वेळेवर भरली.

वरचा डबा मात्र अजून मुलगाच काढतो. चांगली सवय लागलीय, ती कशाला मोडा!