खिडकीचा शिरस्ता

वसईच्या मासळीबाजारात पापलेटाचा वाटा घेऊन गिऱ्हाईक पाटीला टेकवलेल्या चौकटीवर आपला मोबाइल धरतो आणि जवळची पेटी रक्कम जमा झाल्याची वर्दी देते, तेव्हा कोळणीची बँक कोणती आणि आपली कोणती, याची विचारपूस उभयतांपैकी कोणीही करीत नाही. ही निश्चिंतता ज्या व्यवस्थेने शक्य केली, तिला संगणकाच्या परिभाषेत एपीआय म्हणतात. एका यंत्रणेने दुसरीकडे अर्ज कोणत्या नमुन्यात करावा आणि उत्तर कोणत्या स्वरूपात मिळावे, याचा तो करारनामाच होय.

अशाच करारनाम्यावर उभ्या असलेल्या यूपीआय या देयक-व्यवस्थेचा ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत आरंभ झाला आणि ऑगस्ट २०२३ या एकाच महिन्यात एक हजार कोटींहून अधिक व्यवहार तिच्यामार्फत झाले. या यशाचे मर्म आमच्या मते नमुन्याच्या एकरूपतेत आहे: सर्व बँकांस एकच मसुदा, खातेक्रमांकाऐवजी सुटसुटीत पत्ता. स्वतःचे भीम ॲप असूनही यूपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने इतरांच्या ॲपांना वाट दिली, आणि बहुतांश लोक त्या परक्या दारांनीच आत आले. (ही वाट सर्वस्वी मोकळी नव्हे, बँकेची मध्यस्थी लागतेच.)

शिवाय प्रत्येक व्यवहारास स्वतंत्र क्रमांक असतो. म्हणून दादरला फुले नेणाऱ्या वसईकराचा संपर्क भाईंदरच्या खाडीपुलावर तुटला, तरी पैसे गेले की नाही, हे त्याच क्रमांकाने पुन्हा विचारता येते.