फोनांतील मोडेम आणि बांधावरची पीकनोंद

आपल्या पिकाची पाहणी ज्याची त्यानें स्वतःच्या फोनवरून नोंदवावी, अशी योजना महाराष्ट्र शासनानें १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू केली. तत्पूर्वी हें काम तलाठी करीत; तें कोठें बसून होत असे, याविषयीं येथें न लिहिलेलेंच बरें. नवी पद्धत तत्त्वतः चांगली आहे, असें आमचें मत आहे. परंतु तिनें एक भार शेतकऱ्याच्या शिरीं घातला आहे, त्याकडे पुरेसें लक्ष गेलेलें नाहीं. गांव नमुना बारावर पीक चढणें हें आतां फोनांतील एका नखाएवढ्या तुकड्यावर, म्हणजे मोडेमवर, अवलंबून राहिलें. सोयाबीनची नोंद नसेल तर हमीभावाच्या केंद्रावर नांव लागत नाहीं. २०२५-२६ च्या हंगामाचा क्विंटलीं ५,३२८ रुपयांचा दर कागदावर राहतो, आणि माल लातूरच्या आडतीवर मिळेल त्या भावानें द्यावा लागतो.

शेतांत छायाचित्र घेऊन माहिती साठवावी व रेंजमध्यें आल्यावर ती चढवावी, अशी सोय ॲपमध्यें आहे. तथापि अखेर चढविण्याचें काम मोडेमलाच करावयाचें असतें, आणि मुदतीच्या शेवटच्या दिवसांत सारा गांव एकाच टॉवरला लोंबकळलेला असतो.

फोन चालेना कीं आपण टॉवरला दोष देऊन मोकळे होतों. किनवट-माहूरच्या डोंगरपट्ट्यांत, किंवा बालाघाटाच्या उतारावरील खोलगट शिवारांत, तो दोष बहुधा खराही असतो. इतरत्र मात्र आधीं पारख करावी. फोनच्या सेटिंगमध्यें सिमची स्थिति दाखविणारें पान असतें. तेथें संकेताचें बळ वजा आंकड्यांत दिसतें. फोर-जीवर वजा ९० च्या आसपास असेल तर संकेत चांगला. वजा ११५ च्याही खालीं गेला असेल तर टॉवर दूर आहे किंवा मध्यें टेकडी आहे, असें समजावें. पडद्यावरील काड्यांवर विश्वास ठेवूं नये. त्या प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीनें काढते. बळ चांगलें असूनही इंटरनेट चालत नसेल, तर तेंच सिम शेजाऱ्याच्या फोनमध्यें घालून, त्याच बांधावर उभें राहून पाहावें. तेथें चाललें तर दोष आपल्या फोनांत आहे. मग ॲक्सेस पॉइंटचें नांव तपासावें. जिओचें ‘जिओनेट’, बीएसएनएलचें ‘बीएसएनएलनेट’. यांत एक अक्षर चुकलें तरी बोलणें होतें, परंतु इंटरनेट मिळत नाहीं.

देगलूर, बिलोली, धर्माबाद आणि पलीकडे उदगीर, देवणी या सीमेवरील तालुक्यांतील वाचकांसाठीं एक गोष्ट विशेषेंकरून सांगावयाची आहे. तेथील शिवारांत फोन पुष्कळदां तेलंगण किंवा कर्नाटकाच्या मंडळांतील टॉवर धरतो. काड्या भरपूर दिसतात, पण फोनमधील ‘डेटा रोमिंग’ची कळ बंद असल्यास कित्येक फोन इंटरनेट रोखून धरतात. रोमिंगचा पूर्वीचा भुर्दंड आठवून लोक ती कळ बंद ठेवतात. देशांतल्या देशांत बहुतेक योजनांत आतां त्याचा वेगळा आकार पडत नाहीं. ती कळ चालू करावी, किंवा कंपनीचें जाळें हातानें निवडावें.

विहिरीवरील मोबाईल स्टार्टरांतही असाच मोडेम असतो. त्यांतील पुष्कळसे केवळ टू-जीचे आहेत. जिओचें जाळें २०१६ सालीं सुरू झालें तेंच मुळीं फोर-जीवर. त्यांत टू-जी नाहीं. अशा स्टार्टरांत जिओचें सिम कधींच बोलणार नाहीं, मग मिस्त्रीनें अँटेना कितीही उंच बांधो. ही एक ओळ खोक्यावर ठळक छापावयास विक्रेत्यांना काय अडचण आहे, तें आम्हांस कळत नाहीं. रात्रपाळीच्या विजेवर पाणी देणाऱ्याला मोटार घरून चालू होते कीं अंधारांत, साप-किरडांतून विहिरीपर्यंत जावें लागतें, हा फरक लहान नव्हे.

येथें कोणी म्हणेल, हें सर्व शेतकऱ्यानें कशासाठीं शिकावें? ऑइल इंजिन आलें तेव्हांही असेंच म्हणत असत. पुढें गांवोगांवचीं पोरें नोझल साफ करूं लागलीं. इंजिन उघडतां येत होतें म्हणून तें शिकतां आलें. फोनची गोष्ट निराळी आहे. अँड्रॉइडची मूळ आज्ञावली खुली असली तरी विकत मिळणारा फोन कंपनीनें कुलूपबंद केलेला असतो. याला अपवाद म्हणून पाइन-६४ या संस्थेनें २०२० सालीं ‘पाइनफोन’ बाहेर काढला. त्यांत क्वेक्टेल कंपनीचा मोडेम मुख्य यंत्रापासून वेगळा बसविलेला आहे, आणि तो टॉवरशीं काय बोलतो, कोठें अडतो, याची नोंद मालकाला वाचतां येते. जगभरच्या हौशी लोकांनीं त्या मोडेमच्या कांहीं भागाची आज्ञावलीही नव्यानें लिहिली. तरीसुद्धां रेडिओचा गाभा तेथेंही बंदच राहिला! शिवाय असा फोन सामान्य माणसानें रोज वापरावा इतका निर्वेध चालत नाहीं. तो घ्या, असा सल्ला आम्ही कोणास देणार नाहीं.

परंतु परीक्षेचें साधन म्हणून खुल्या आज्ञावलीचा एखादा फोन तालुक्याच्या सहकारी संघानें ठेवावा, आणि माती-परीक्षणाप्रमाणें शिवाराशिवारांतील संकेत मोजून त्याचा तक्ता चावडीवर लावावा. महसूल खात्याकडे आमचें मागणें आणखी एक आहे. पाहणीची मुदत आजवर अनेकदां वाढवावी लागली आहे, यावरून अडचण खरी आहे हें खात्यासही ठाऊक असावें. तेव्हां नोंद चढविण्याचा प्रयत्न कोणत्या दिवशीं, कोणत्या गटांत, किती संकेतावर फसला, हें ॲपनें स्वतःच टिपून ठेवावें; आणि असा फसलेला प्रयत्न मुदतीच्या आंतील असेल तर त्या गटाची पाहणी करण्याची जबाबदारी सरकारी सहायकावर पडावी, शेतकऱ्याचा सातबारा कोरा राहूं नये.