कोर्लईत जरा हळू बोला

शांत किनारा हवा म्हणून थेट गोव्याचं बुकिंग करताय? थांबा! पेणला गणपतींच्या कारखान्यांत डोकवा, मग रोहा गाठा. रोह्याची कुंडलिका समुद्राला मिळते, तिथेच कोर्लई आहे. पोर्तुगीज १७४० मध्ये गेले. पण गडाच्या पायथ्याशी हजारेक ख्रिस्ती गावकरी आजही पोर्तुगीज आणि मराठीतून घडलेली भाषा बोलतात. नाव ‘नौ लिंग’, म्हणजे आपली भाषा! ओट्यावरच्या दोन आज्यांचं बोलणं मला कळलं नाही. सूर मात्र ओळखीचा वाटला. शाळा मराठीत, चर्चही मराठीत. म्हणजे ही भाषा जगते ती घरातल्या गप्पांवरच. तेव्हा गड, दीपगृह जरूर बघा. पण गावात शिरताना गाडीतली गाणी बंद ठेवा, बॉस!