लॉगिन मिळालं, पुढे काय?

कॉलेजची लायब्ररी म्हटलं की काय आठवतं? काउंटरवर जमा केलेलं आय-कार्ड, 'शांतता राखा'ची पाटी, आणि परीक्षा जवळ आली की नेमकी गायब होणारी पुस्तकं. आणि लायब्ररियन? उशीर झाला की दंडाची पावती फाडणारा माणूस! हा माणूस आपल्याला काही शिकवू शकतो, असं आपल्याकडे सहसा कुणाच्या डोक्यातच येत नाही.

अमेरिकन विद्यापीठांत मात्र लायब्ररियनने शिकवणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. माहिती शोधायची कशी, पारखायची कशी, वापरायची कशी, याचे ते रीतसर तास घेतात. माझ्या मते आपल्या कॉलेजांना सध्या कशाची निकड असेल तर ती ह्याच तासांची. का, ते सांगतो.

इंडियाना राज्यात रिचमंड गावात अर्लहॅम नावाचं एक छोटं कॉलेज आहे. इव्हान फार्बर १९६२ साली तिथे लायब्ररियन म्हणून आले आणि १९९४ साली निवृत्त झाले. ह्या क्षेत्रात त्यांचं नाव आजही घेतलं जातं ते एका साध्या गोष्टीसाठी: लायब्ररीचं शिकवणं त्यांनी प्राध्यापकाच्या असाइनमेंटला बांधलं. कारण उघड आहे. वर्षाच्या सुरुवातीला पोरांना लायब्ररीत फिरवून 'हे इथे, ते तिथे' सांगितलं तर कोण लक्ष देणार? तेव्हा त्यांना काही शोधायचंच नसतं. असाइनमेंट मिळाली, गाडी अडली, की मग कान टवकारले जातात. आपलंही तसंच की! मॅन्युअल वाचून कोण प्रोग्रॅमिंग शिकलंय? डेडलाइन डोक्यावर असताना बग आला, की शिकतो.

परीक्षेच्या दिवसांत पोरांचा ताण हलका व्हावा म्हणून तिकडच्या अनेक लायब्रऱ्या चक्क माणसाळलेली कुत्री आणतात. पोरं येतात, कुरवाळतात, खूश होऊन जातात. छानच आहे. पण लायब्ररीत येणं वेगळं आणि लायब्ररी वापरायला शिकणं वेगळं.

मग ह्या तासाला शिकवतात तरी काय? समजा विषय आहे 'मुंबईतल्या पुरांचा झोपडपट्ट्यांवर झालेला परिणाम'. आपण हे आख्खं वाक्य सर्चमध्ये टाकून मोकळे होऊ. लायब्ररियन आधी प्रश्न विचारतो. कुठला पूर? २६ जुलै २००५ चा? परिणाम कशावर... घरांवर, रोजगारावर की आरोग्यावर? प्रश्न नेमका झाला की त्याचे तुकडे पाडायचे: शहर, पूर, झोपडपट्टी. मग प्रत्येक तुकड्याला पर्यायी शब्द. शहराचं इंग्रजी नाव १९९५ साली बदललं, म्हणजे नुसतं 'मुंबई' टाकलं तर जुने 'बॉम्बे'वाले पेपर निसटू शकतात. 'स्लम'ऐवजी अनेक अभ्यासक 'इन्फॉर्मल सेटलमेंट' लिहितात. एका गटातले शब्द 'ऑर'ने जोडायचे आणि गट एकमेकांना 'अँड'ने. हो, तेच ते बुलियन, जे आपण रोज इफ-कंडिशनमध्ये लिहितो! दोन चांगले पेपर हाती लागले की त्यांची संदर्भयादी चाळायची, आणि त्यांचा आधार पुढे कुणी घेतला तेही बघायचं.

सापडलेलं पारखायचं कसं, हा पुढचा धडा. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी ४५ जणांना काही वेबसाइट तपासायला दिल्या. १० इतिहासाचे पीएचडी, १० व्यावसायिक फॅक्ट-चेकर आणि २५ स्टॅनफर्डचेच विद्यार्थी. देखणा लोगो, अधिकृत वाटणारं नाव यांना विद्यार्थी फसलेच, पण अनेकदा इतिहासवालेही फसले. फॅक्ट-चेकर मात्र ती साइट वाचत बसले नाहीत. त्यांनी नवे टॅब उघडले आणि तिच्याबद्दल बाकीचे काय म्हणतात ते पाहिलं. बास, एवढंच! अर्ध्या तासात शिकवता येईल अशी ही सवय आहे, पण कुणीतरी शिकवायला तर हवी.

आता आपल्याकडे या. केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० जर्नल्स, आणि ६,३०० हून जास्त सरकारी संस्था. चांगलीच गोष्ट आहे. पण ज्याच्या घरात कुणी पीएचडी सोडाच, ग्रॅज्युएटही नाही, अशा तालुक्याच्या सरकारी कॉलेजातल्या मुलीने लॉगिन केलं की समोर येणार एक रिकामा सर्च-बॉक्स. त्यात काय टाइप करायचं, हे तिला कोण सांगणार? सहा हजार कोटींची चावी हातात दिली, पण कुलूप कुठे आहे ते दाखवलंच नाही, अशातली गत.

कुणी म्हणेल, आता काय, एआयला विचारलं की झालं! जरूर विचारावं. पण २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले खटले कोर्टात संदर्भ म्हणून सादर केले, आणि ते खटले अस्तित्वातच नव्हते. ५,००० डॉलर दंड झाला. दिलेला संदर्भ खरंच आहे का, हे उघडून बघण्याची सवय वकिलांनाही लागलेली नसते, तिथे सेकंड इयरच्या पोरांना काय दोष द्यायचा?

गंमत म्हणजे ही विद्या आपल्याला परकी नाही. एस. आर. रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. जगभर ते शिकवले जातात. त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. आपण मात्र ग्रंथपालाला दंडाच्या पावत्या आणि स्टॉक-टेकिंगमध्येच अडकवून ठेवलं.

उपाय फार खर्चिक नाही. प्रत्येक प्रोजेक्टमागे, विषय ठरल्या ठरल्या, लायब्ररियनचा एक तास टाइमटेबलमध्ये टाकायचा. गाइडने तिथे हजर राहायचं, म्हणजे पोरंही तो गांभीर्याने घेतील. आपल्यातल्या अनेकांना अधूनमधून 'इंडस्ट्री एक्सपर्ट' म्हणून जुन्या कॉलेजातून लेक्चरचं बोलावणं येतं. पुढच्या वेळी आलं की एक अट घाला: अर्धा तास माझा, अर्धा तास तुमच्या लायब्ररियनचा. प्राचार्यांना थोडं चमत्कारिक वाटेल. वाटू दे!