पसंतीक्रमाला गणिताची साथ

२०२५ पासून अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश राज्यभर लागू झाले आणि जालना जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतील मुलांसमोर पसंतीक्रमाचा अर्ज आला. दहापर्यंत महाविद्यालये निवडायची, तीही क्रम लावून. मंठा किंवा भोकरदन तालुक्यातल्या खेड्यातली मुलगी हा क्रम कशाच्या आधारे लावते? बहुतेकदा ऐकीव नावावर.

इथे फझी गणित उपयोगी पडू शकते. लोत्फी झादे यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या या गणितात उत्तर केवळ ‘हो’ किंवा ‘नाही’ नसते. ते शून्य ते एक यांच्या दरम्यान कितीही असू शकते. समजा, एक महाविद्यालय अंतराच्या दृष्टीने ०.९ सोयीचे, पण विषयांच्या दृष्टीने ०.३, दुसरे दोन्ही बाबतींत ०.६. प्रत्येकाची सर्वांत कमकुवत बाजू धरली, तर दुसरे सरस ठरते. एसटीची वेळ, प्रयोगशाळा, शुल्क हेही असेच मोजता येते.

मात्र हे अंक कोण ठरवणार? चार किलोमीटर सायकल असलेल्या मुलाला जवळ, पायी जाणाऱ्या मुलीला लांब. आईवडील ऊसतोडीला जात असतील, तर वसतिगृहाला सर्वाधिक महत्त्व. म्हणून ही मापे पालक-शिक्षकांनी गावात एकत्र बसून ठरवावीत आणि ती सर्वांना दिसावीत. प्रवेश गुणवत्ता व आरक्षणाच्या नियमांनीच व्हावेत. गणिताने निवड डोळस करावी. पुढच्या प्रवेशाआधी जिल्ह्यातल्या शाळांनी दहावीच्या वर्गांत हा प्रयोग करावा, असे आमचे आग्रहाचे आवाहन आहे.