मूळ प्रत

आमच्या शाळेतील मराठीचे ज्येष्ठ गुरुजी गेल्या वर्षी निवृत्त झाले. ३६ वर्षे त्यांनी मुलांच्या वह्यांतील ऱ्हस्व-दीर्घ आणि रफार तांबड्या पेन्सिलीने सुधारले. निरोपसमारंभाच्या मानपत्राचे काम संगणकावर चित्रे काढणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने हौसेने अंगावर घेतले. ‘आशीर्वाद असावा’ हे शीर्षक त्याने फडकत्या पताकेसारखे लहरदार केले होते. काम मोठे देखणे! मात्र छापून आल्यावर आमच्या ध्यानात आले, की ‘वा’वरचा रफार ‘शी’वर जाऊन बसला आहे.

“एवढे एक अक्षर सुधार,” आम्ही म्हणालो. मुलगा खाली मान घालून उत्तरला, “सर, आता ती अक्षरं राहिली नाहीत. नुसते आकार आहेत.” शीर्षक नव्याने लिहून, वळवून, पुन्हा छापून आणण्यास वेळ नव्हता. समारंभ तासावर आला होता.

हे प्रकरण आम्ही पुढे समजून घेतले. संगणकावरील छायाचित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची रांगोळी. या रेखाचित्रांत मात्र मोजके बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या वक्ररेषा असतात. बिंदूला दोन दांड्या असतात; दांडी ओढावी तशी रेषा वळते. हे गणित मोटारींच्या कारखान्यांत जन्मले. फ्रान्समधील सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये ते मांडले. पण कंपनीने ते गुप्त ठेवले. रेनो कंपनीतील पिएर बेझिए यांनी ते प्रसिद्धीस आणले, म्हणून या रेषांना बेझिएंचे नाव मिळाले. १९८७ साली आलेल्या ॲडोबी इलस्ट्रेटरमध्ये याच रेषा चित्रकारांच्या हाती आल्या.

आकृतीस वळण देण्याच्या दोन रीती आहेत. पहिली लखोट्याची. अक्षरे जणू लवचीक लखोट्यात घालून लखोटाच वाकवायचा. इलस्ट्रेटरमध्ये कमान, पताका, मासा असे १५ तयार साचे आहेत. आतला मजकूर मजकूरच राहतो. लखोटा उघडून शुद्धलेखन सुधारावे, नवे अक्षर आपोआप त्याच वळणात बसते. दुसरी रीत अक्षरे फोडून त्यांच्या बाह्यरेषा करण्याची. मग एकेक बिंदू हवा तसा हलवता येतो. पण संगणकाच्या लेखी तेथे ‘श’ नाही की ‘व’ नाही. छापखान्यात तोच टंक नसला तरी अक्षरे बिघडू नयेत, म्हणून या रीतीची गरज पडते. परंतु त्याआधी मूळ प्रत वेगळी ठेवावी लागते. आमच्या विद्यार्थ्याने फोडलेली प्रत मूळ प्रतीवरच साठवली होती.

समारंभात मानपत्र हाती घेताच गुरुजींची नजर शीर्षकावर थांबली. त्यांनी खिशातून तांबडी पेन्सिल काढली, ‘शी’वरचा रफार खोडला, ‘वा’वर दिला आणि त्या मुलाला जवळ बोलावून म्हणाले, “आता हे खरे माझे मानपत्र झाले.” मुलाचे डोळे भरून आले, आमचेही.

महाराष्ट्राबाहेर राहताना आपली मराठी शेजारभाषेच्या लखोट्यात रोज थोडी वाकतेच. त्यात वावगे काही नाही. जिवंत भाषा वळणारच. आतली अक्षरे पुन्हा उलगडून पाहता यावीत, एवढी मूळ प्रत मात्र घराघरांत जपलेली असावी. तांबडी पेन्सिल घेऊन बसणारे गुरुजी प्रत्येक वेळी भेटतीलच असे नाही.